मास्कवाल्यांचं उरलेलं अर्धं

मंगल गेली, आणि मला पहिला प्रश्न पडला तो हा : तिच्या घरी टीव्ही होता का?

हसू नका. रडून झाल्यावर पडलेला प्रश्न आहे.

मंगल म्हणजे कोल्हारच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारी. मी गावात राहायचे, ती प्रवरेच्या पलीकडं वस्तीवर. पूल ओलांडून चालत यायची.
संध्याकाळी तिच्याकडं शेळ्या असायच्या, माझ्याकडं केबल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. केबलवर तेव्हा एक इंग्लिश कार्टून लागायचं. सर्कशीतली जनावरं दिवसा कसरती करायची आणि रात्री मास्क लावून शहरातल्या गुंडांना बदडायची. लांडगीण त्यांची लीडर. सोबत एक गेंडा आणि एक चष्मेवाला ससा. समोर व्हिलन मगर, लोखंडी जबड्याची.

नाव कधी धड वाचता आलं नाही. आम्ही आपलं 'मास्कवाले' म्हणायचो.

घोळ एकच होता. लोडशेडिंग.

मास्कवाले ऐन संकटात सापडले, की आमच्याकडची लाईट जायची. रोज! लांडगीण क्रेनला लटकलेली, आणि घरात अंधार.

मी शाळेत येऊन कपाळाला हात लावून बसले, तर मंगल म्हणाली, "आमची नदीपलीकडची लाईन वायली हाय. तुमची लाईट गेली की आमची येती. मागचं अर्धं मी बघते की."

"मग सांग ना!"

"आधी तू तुझं सांग. सुरुवातच म्हाईत न्हाई, तर मला फुडचं कसं सांगता येईल?"

मला ते पटलं. आता हसू येतं, पण तेव्हा शंभर टक्के पटलं होतं.

मग मधल्या सुट्टीत मी पहिलं अर्धं सांगायचे. ती डबा खात, मान हलवत ऐकायची.
मागचं अर्धं मात्र दुसऱ्या दिवशी. "नीट आठवून सांगते," म्हणायची.

आणि काय सांगायची!

लांडगीण मगरीला पकडायची, पण जेलमध्ये नाही टाकायची. बांधावरचं गवत कापायला लावायची. गेंडा लंगडायला लागला की मारामारी थांबवून सगळे आधी त्याच्या पायातला काटा काढायचे. लढाई संपली की सगळी गँग शेताकडच्या कालव्याला, पाटावर पाणी प्यायला.

मी एकदा अडवलं. "अमेरिकेत पाट असतो?"

"असतो की. दिसला ना मला."

विषय संपला.

कार्टून फार दिवस टिकलं नाही. मगर सर्कशीचा तंबू पेटवायला निघाली, आमची लाईट गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला भलतंच काहीतरी लागायला लागलं.

शेवट मला मंगलनं सांगितला. मगरीचा जबडा गंजला. तिला खाताच येईना. मग सशानं जबड्यात तेल घातलं, आणि लांडगिणीनं तिला तंबूत पंगतीला बसवलं.

मला हा शेवट इतका आवडला की मी घरी जाऊन आईलाही सांगितला.

पुढं मंगल लग्न होऊन राहुरीला गेली, मी पुण्याला. मध्ये एकदा इंटरनेटवर मास्कवाले सापडले. एकाच सीझनमध्ये बंद पडलेले. मी सगळे भाग बघून काढले.

पहिलं अर्धं आठवणीतलं, जसंच्या तसं.
मागच्या अर्ध्यात ओळखीचं काहीच नाही. लेझर, स्फोट, जेल.
आणि शेवट तर नाहीच! तंबू पेटतो, आणि मालिका तिथंच संपते.

लगेच फोन लावला. "मंगल, पाट कुठंय गं?"

खूप हसली. "तू नीट बघितलं न्हाईस, सुजे."

एवढंच. नंतर तिचं आजारपण सुरू झालं. दवाखान्यात असले प्रश्न कोण विचारतं?

परवा राहुरीत तिच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदन झालं. जेवणं आटोपल्यावर मी तिच्या थोरल्या भावाला विचारलंच. "दादा, आम्ही शाळेत असताना वस्तीवर तुमच्याकडं टीव्ही होता का?"

दादा माझ्याकडं बघतच राहिले. "टीव्ही? अगं, लाईटच कुठं हुती? मंगलच्या लग्नाला गॅसबत्त्या लावल्या आमी. पोल त्याच्यानंतर आला."



म्हणजे रोज संध्याकाळी शेळ्यांमागं फिरत, पाटाच्या कडेनं, ही पोरगी माझं अर्धं डोक्यात घेऊन उरलेलं रचत होती.

का? टीव्ही नाही म्हणायची लाज वाटली? की नुसती मजा? की मी रोज सांगत राहावं म्हणून?
खरंच माहीत नाही. आता कळणारही नाही. तिचा राग येतोय मला. लई राग येतोय.

तेवढ्यात तिची लेक प्रज्ञा शेजारी येऊन बसली. यंदाच अकरावीला गेलीय.

"मावशी, मास्कवाल्यांच्या सुजामावशी तुमीच ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मी लहान असताना मम्मी झोपताना सांगायची. पण अर्धीच. लांडगीण लटकली की थांबायची. म्हणायची, तेवढ्यात आमची लाईट जायची. मागचं सुजामावशीनं बघितलंय, ती आली की तिला विचार."

माझं लोडशेडिंग बाईनं स्वतःच्या नावावर करून टाकलं होतं!

"मग सांगा ना," प्रज्ञा म्हणाली. "फुडं काय झालं?"

मी काय सांगणार होते? लेझर? माझ्यासाठी मागचं अर्धं एकच होतं, आणि ते तिच्या आईचं होतं.

मी सुरुवात केली. बांधावरचं गवत, पायातला काटा, गंजलेला जबडा. पाटावर पाणी प्यायला गेलेला गेंडा.

तिनं मध्येच अडवलं. "मावशी, अमेरिकेत पाट असतो?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"असतो की," मी म्हणाले. "तुझ्या मम्मीला दिसला."

मंगल, तुझं अर्धं पोचवलं गं तुझ्या लेकीकडं.

आता नीट जा.
जयभीम.