देव्हाऱ्यातला शेवटचा टाक

माझी थोरली बहीण देऊळगाव राजाला दिली होती. तिची मुलगी अजून नीट बसायलाही लागली नव्हती, तेव्हा बहीण तापाने गेली. वर्षश्राद्ध व्हायच्या आत दाजी पुन्हा बोहल्यावर चढले. पुरुषमाणसाला घर सुनं ठेवता येत नाही, असं चारचौघे म्हणाले. आमच्या घरात काय सुनं झालं, ते कोणी विचारलं नाही.

आमच्या वडनेर भोलजीहून तिकडे जायचं म्हणजे घाट चढून बुलढाणा गाठायचं, तिथे मुक्काम, मग दुसरी मोटार. त्या गावापुढे लगेच निजामाची मोगलाई लागायची. आई कितीतरी दिवस जाते जाते म्हणत राहिली आणि भाची चार वर्षांची झाल्यावर एका हिवाळ्यात मला घेऊन निघाली. वाटेत तिचं एकच पालुपद होतं. "पोरीले तिची माय कोन होती, हे आता सांगाच लागंल मले. दुसरं कोन सांगंल?"

दाजींची नवी बायको माझ्याहून फार मोठी नव्हती. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. तिचा राग करायचा, हे मी घरूनच ठरवून गेले होते. पण ती आईच्या पाया पडली आणि तिला 'आई' म्हणाली. गेलेल्या सवतीचं माहेर आपलंच मानायची रीत होती, आणि तिने ती मनापासून पाळलेली दिसत होती. तेवढ्यात अंगणात भाची धडपडली. गुडघा फुटला. मी हात पुढे केले, तर ती माझ्या शेजारून रडत पळाली आणि दाजींच्या बायकोच्या कुशीत शिरली. आई ते बघत राहिली. मला मात्र वाईट वाटलं, अगदी खोल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने आईचं बोट धरून तिला देवघरात नेलं. आपले देव दाखवायची तिला भारी हौस. बोली तिची जालन्याकडची.

"हा गणपती. ह्याला आधी अंघोळ. हा महादेव. ह्याला नाक-डोळे नाहीत, नुसता गोटा, पण बेल लागतो. हा रांगता बाळकृष्ण, लोणी खातो. ही देवी वाघावर बसती, हिला लय हात. हा खंडोबा घोड्यावर, मागं म्हाळसा. ही अन्नपूर्णा, हिच्या हातात पळी. हा बालाजी, आपल्या गावचा."

ती अन्नपूर्णा आईनेच बहिणीच्या लग्नात दिलेली. आईने तिच्यावरून हळूच बोट फिरवलं.

रांगेच्या टोकाला नखाएवढा एक चांदीचा टाक होता. त्यावर वाहन नाही, शस्त्र नाही, नुसती एक बाई उभी. पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी आली, की पहिलीचा असा टाक घडवून देवांत बसवतात. नवीने त्याची रोज पूजा करायची, म्हणजे गेलेली तिला छळत नाही. मी हे नुसतं ऐकून होते. माझी बहीण मी तिथे चांदीत पाहिली.

"आन् ही कोन वो माय?" आईने विचारलं.

"ही सवत," भाची म्हणाली. "हिला रोज निवद दाखवायचा. नाही दाखवला की ही चिडती. मग आईला ताप येतो."

स्वयंपाकघराच्या दारात दाजींची बायको उभी होती, हात पिठाचे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी नाही हो शिकवलं, आई," ती म्हणाली. "घरात सगळे तसंच म्हणतात. पोरीच्या कानावर पडलं."

माझं डोकं फिरलं. "अवं, ती तुही मा..." एवढंच मी बोलले आणि आईने माझं मनगट असं दाबलं, की बांगडी रुतली. मी आईकडे पाहिलं. एवढा घाट चढून जे सांगायला ती आली होती, ते तिच्या ओठांवर होतं. तिने दारातल्या त्या पोरीकडे पाहिलं, मग भाचीच्या गुडघ्यावरच्या हळदीच्या लेपाकडे पाहिलं आणि ते तसंच गिळून टाकलं.

ती एवढंच म्हणाली, "ती नाही चिडत, माय. तिले कधी राग येतच नव्हता."

"तुला काय ठाऊक?" भाची म्हणाली.

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भाचीने ते पाहिलं आणि जवळ सरकून समजुतीच्या सुरात म्हणाली, "आजी, भ्यालीस का? भिऊ नको. हात जोडले की ती काही करत नाही."

आईने डोक्यावरचा पदर सावरला, आणि पोटच्या पोरीपुढे हात जोडले.