गफूरभाईंनी न रंगवलेले बोर्ड

दुकान म्हटलं की दोन गोष्टी आपोआप साठतात. एक गोणपाटाच्या सुतळ्या आणि दुसरे किस्से. सुतळ्या निदान कुणीतरी मागून नेतं. किस्से मात्र ज्याला द्यावे, तो जाताना आपला एक ठेवून जातो!

माझं लोणावळ्याच्या बाजारात गुडदाणीचं दुकान. आता लोक चिक्की म्हणायला लागलेत. शिक्षण मराठी चौथी, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. त्यांच्याकडून राहिलेलं थोडंफार गफूरभाई पेंटरांनी शिकवलं, तेही बोर्ड न रंगवून!

गफूरभाई मूळचे वडगावचे. आमच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. डब्यांवरची लेबलंही तेच काढून द्यायचे, मग ती पुण्याला शिळाछापावर, म्हणजे दगडी छापखान्यात, छापून यायची. ते इथं एका झोपडीत एकटेच; बायको झुबेदा आणि लेक नूर वडगावात, भावाच्या घरी पडवीत राहायच्या. "यंदा दोघींना हितं आणतो. खिडकीची खोली बघतो," असं ते दर साली म्हणत. खोली घेता येईल एवढं काम यायचंही. पण आलेलं काम हा माणूस आपल्याच हातानं परत करायचा!

*

पहिली पाळी माझीच. नवा बोर्ड करायचा होता. मी सांगितलं, "मोठ्या अक्षरात लिहा, शुद्ध तुपातली गुडदाणी."

गफूरभाईंनी 'शुद्ध' लिहिलं आणि गुडदाणीचा एक तुकडा मागून तोंडात टाकला. सावकाश चघळला. ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात ठेवला.

"भाऊ, ह्यात तूप कुठंय?"

"अहो, ताटाला लावतो की! नाहीतर वडी सुटेल कशी?"

"बरं. मग 'तुपाच्या ताटातली' लिहितो."

मी रागावलो. ते घरी गेले. आठ दिवस माझ्या दुकानावर नुसतं 'शुद्ध' लटकत होतं! येणारा जाणारा विचारी, "शेठ, शुद्ध काय?" शेवटी मीच त्यांना बोलावून आणलं. त्यांनी लिहिलं, 'शुद्ध गूळ, ताजे शेंगदाणे'. आणि गंमत अशी, की हे लिहिल्यावर शेंगदाणे रोज ताजे भाजणं भाग पडलं. बोर्ड बघून लोक आधी शेंगदाणाच हुंगायचे!

*

पुढे मी जरा मोठा झालो, म्हणजे डबे मुंबईला जायला लागले. आत वडीला गुंडाळायला एका छापखान्यानं मला असा हिरवागार कागद दाखवला, की पोपटानं लाजावं. मी चार गठ्ठे मागवले. त्यावर फक्त दुकानाचं चित्र काढायचं होतं.

गफूरभाईंनी कागद ओला केला, गुळाच्या खड्यावर दाबला आणि उचलला. खडा हिरवा!

"हा रंग कुठला आहे ठाऊक आहे?" ते म्हणाले. "माझे उस्ताद ब्रशाला टोक आणायला तो ओठांत धरायचे. आम्ही सगळेच धरायचो. ह्या हिरव्यात सोमल असतो, विष. त्यानं त्यांचं पोट गेलं. दोन वर्षं नुसती पेज. मग तीही जाईना, आणि उस्ताद गेले."

मी म्हटलं, "पण गफूरभाई, गिऱ्हाईक काय कागद खातंय?"

"गिऱ्हाईक न्हाई खात. त्याचं पोरगं चाटतं."

आमची मुलंही कागद चाटायची, मी रोज बघत होतो. गठ्ठे चुलीत घालायला निघालो तर म्हणाले, "त्याचा धूर वैनींनी प्यायचा का?" मग खूप लांब, विहिरीपासून दूर, खड्डा काढून पुरले. मी चरफडत होतो. सगुणा, माझी बायको, म्हणाली, "भाऊजींनी आज तुमचं नाव वाचवलं, आणि तुम्ही कागदाचं सुतक धरलंय!"

तेव्हापासून माझी वडी साध्या पिवळट कागदात जाते.

*

स्टेशनसमोरच्या चहावाल्याचा बोर्ड मात्र एका म्हशीनं घालवला.

बोर्ड ओला, भिंतीला टेकवून ठेवलेला. दूधवाल्याची म्हैस आली आणि तिनं आपली कूस मनसोक्त घासून घेतली. नंतर ती भर बाजारातून निघाली, कुशीवर पांढरी उलटी अक्षरं घेऊन! सगळा बाजार मागे. चहावाला तर खूश. "राहू द्या, राहू द्या! फुकटची जाहिरात आहे. रोज स्टेशनपर्यंत जाते ही!"

गफूरभाई तिळाचं तेल घेऊन आले. टर्पेंटाइननं कातडी भाजते म्हणून तेल. मऊ फडक्यानं पुसत दुपारभर म्हशीशेजारी उभे राहिले.

चहावाला वैतागला. "अहो, हिचं काय बिघडतंय?"

"तिला कुणी विचारलंय का?"

काम संपल्यावर दूधवाला म्हणाला, "चिंध्या टाका वढ्यात." गफूरभाई म्हणाले, "उद्या हीच तिथं पाणी पिणार ना रे?" रंगाच्या चिंध्यांसाठी त्यांच्या झोपडीमागे राखेचा खड्डा होता, सगळं तिथं जायचं.

चहावाल्यानं पुढचे तीन बोर्ड दुसऱ्याला दिले. खोली पुन्हा लांबली.

*

मग एक औषधवाला आला. बाळगुटीच्या बाटलीसाठी लेबल हवं होतं, त्यावर दोन बाळं. डावीकडे 'गुटी घेण्यापूर्वी', उजवीकडे 'गुटी घेतल्यानंतर'. माणूस गोड बोलणारा, हातात मोठी ऑर्डर. गफूरभाईंनी दुसऱ्या दिवशी लेबल आणलं. डावीकडचं बाळ इतकं हाडकुळं आणि खरं काढलेलं, की सगुणानं तोंड फिरवलं. उजवीकडची चौकट रिकामी.

"हे काय? दुसरं बाळ?"

"पहिलं माझ्या गल्लीत आहे, बघून काढलं. दुसरं आणा. बसवून काढतो."

औषधवाला मोठ्यांदा हसला. आम्ही कुणीच हसत नाही असं बघून थांबला आणि निघून गेला. गुटी काही ह्या बाजारात आली नाही. गल्लीतल्या त्या बाळाला मात्र सगुणा पुढे रोज वाटीभर दूध पाठवायची. ते आता स्टेशनवर हमाली करतं, मला उचलून ठेवील असं!

*

आणि मग घाटाचं काम आलं.

घाटात विजेची गाडी नवी नवी होती. उतारू खिडकीतून डोकं काढून दरी बघत. मुंबईच्या एका केसांच्या तेलाच्या कंपनीच्या एजंटाला तेवढं पुरलं. "लोक बघतायतच, तर आपलं नाव बघू दे!" खंडाळ्याखालच्या एका उभ्या काळ्या कड्यावर माणसाएवढी पांढरी अक्षरं हवी होती. हे झालं की पुढचे कडे, मग थेट कल्याणपर्यंतच्या भिंती. वर्षाचं काम, शिवाय राहायला कंपनीची खोली.

"खिडकी आहे का?" गफूरभाईंनी आधी एवढंच विचारलं.

"दोन आहेत!"

त्या दिवशी ते पायी वडगावला गेले आणि झुबेदावहिनींना सांगून आले, की सामान बांधा.

दोर धरायला दोन गडी घेऊन मीही बरोबर गेलो. गफूरभाई दोराला बसून कड्यावर उतरले. खडूनं रेघा मारणार एवढ्यात खालच्या टेकाडावरून एक म्हातारी धनगरीण ओरडली, "अवो, तितं काय करतायसा?"

"नाव लिहितोय, मावशी. तेलाचं."

"लिवा. पर ती भेग झाकू नगा. सावली त्या भेगंला टेकली की मी शेरडं माघारी वळवती. न्हाईतर अंधारात वाघराच्या तोंडी जात्याली. माझ्या आईनं बी तसंच वळवली."

गफूरभाईंनी हातानं भेग चाचपली. "किती मोकळी सोडू, मावशी?"

"समदी."

"भेग तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे!"

"व्हय. तेवढीच."

गडी हसले. मीही हसलो. दोरावर गफूरभाई बराच वेळ नुसते झुलत बसले. मनातल्या मनात अक्षरं वर करून बघितली, खाली करून बघितली. कुठूनही काढलं तरी भेग मधोमध येत होती. मग दोर दोनदा हलवला, म्हणजे वर घ्या.

डबे न उघडता परत आले. दोन दिवसांनी एजंट माझ्या दुकानात येऊन ओरडला. "एका धनगरणीसाठी कंपनीचं काम सोडलं? तिला घड्याळ घेऊन देतो मी!"

"तिला घड्याळ वाचता येत न्हाई, साहेब. दगड येतो."

"दुसरा पेंटर आणीन!"

"आणा. मी न्हाई."

त्यानं आणलाही, पण नाव त्या कड्यावर नाही, पलीकडच्या कड्यावर लिहिलं. ते नाव मी अजून गाडीतून जाताना बघतो आणि मान वळवतो.

एजंट गेल्यावर गफूरभाई दुकानाच्या पायरीवर बसले. मी त्यांना पाणी दिलं. म्हणाले, "भाऊ, तिकडं झुबेदानं भांडी पोत्यात भरलीत. नूरनं शेजारच्या पोरींना सांगितलंय, आमच्या घराला दोन खिडक्या आहेत म्हणून. आता मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

 

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना दुकानाच्या माडीवर नेलं. खोली झाडलेली, सारवलेली. रस्त्याच्या बाजूला एकच खिडकी, पण मोठी.

"ही तर तुमची गुळाची खोली," गफूरभाई म्हणाले.

"होती. गूळ संपला. रिकामी पडून काय उपयोग?"

ऐन हंगाम होता. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच माझ्या गाडीवरून ढेपा उतरताना बघितल्या होत्या. त्या सगळ्या आता खाली आमच्या घरात, भिंतीपासून भिंतीपर्यंत रचलेल्या. सगुणा म्हणत होती, "आता अंथरूण काय ढेपांवर घालायचं? मुंग्यांनी तर आजच बिऱ्हाड मांडलंय!"

गफूरभाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. "भाऊ, हे खोटं आहे."

"असू दे की. मी कुठं तुम्हाला लिहायला सांगतोय?"

ते खिडकीपाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

पहाटेच मी गडी पाठवून वडगावला निरोप दिला होता; दुपारच्या गाडीनं झुबेदावहिनी आणि नूर आल्या. नूर धावत खिडकीशी गेली आणि गजांना धरून खालचा बाजार बघत बसली. एकच खिडकी, पण दुसरी कुठाय असं तिनं विचारलं नाही. वहिनींनी पोतं खाली ठेवलं, कोपऱ्याकोपऱ्यात फिरल्या, भिंतीला हात लावला आणि तो हात नाकाशी नेला.

"अहो, इथं गुळाचा वास येतोय. ह्यांची अडचण करून तर नाही ना आलो आपण?"

मी जिन्याकडे बघायला लागलो.

गफूरभाईंनी पोत्याची गाठ सोडता सोडता, मान वर न करता सांगितलं, "आधीचा भाडेकरू गूळ विकायचा म्हणे."