न आलेल्या खेळाची तालीम

गेम यायला अजून आठ महिने होते आणि आमची भांडणं सुरूही झाली होती. बाजारात तुरी, दुसरं काय! धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेत मी आणि माझा मित्र एकाच खुर्चीवर अर्धे-अर्धे बसून त्या बंदूकबाजीच्या गेमची चित्रं बघायचो. त्याला ग्राफिक्सचं वेड. पाण्यात दिव्याचं प्रतिबिंब हलतंय का, राक्षसाची कातडी ओली दिसतेय का, एवढंच तो बघणार. मला कौतुक हाताचं. बटणं बडवत बसायचं नाही. या गेमचा रिमोट हातात धरून टीव्हीकडे रोखायचा, मनगट वळवलं की बंदूक वळणार, हात झटकला की बॉम्ब जाणार.

"हात काय रं, हात त सगल्यांनाच हायेत," तो म्हणायचा. "चित्रच फालतू असंल त मारशील कोनाला?"

आमचा कापड विणायचा कारखाना कामतघरला, घराच्या खालीच. लूम चालू असले की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. आम्ही दोघं त्यातच वाढलो. सुताची रिकामी कांडी रिमोटसारखी धरून आम्ही कारखान्याच्या दोन टोकांना उभे राहायचो आणि एकमेकांवर नेम धरायचो. एक म्हातारे कारागीर जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "पढ़े-लिखे पागल हैं दोनों." खोटं नव्हतं ते.

मित्र काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये कामाला होता. गेम यायच्या दोन महिने आधी कंपनीने त्याला नागपूरला धाडलं. मी मात्र हट्टाने गेम खेळायचं जुनं मशीन मिळवलं, मागाहून गेमही मिळवला, आणि एका रविवारी दार लावून बसलो.

पाण्यातले दिवे खरंच हलत होते. मला ते त्याला दाखवायचं होतं. नजर टीव्हीवर ठेवूनच मी सवयीने हात वर करून मनगट आत ओढलं. कारखान्यात 'इकडे ये' असं म्हणायची ती खूण. गेमला वाटलं, बॉम्ब टाकला. बॉम्ब समोरच्या भिंतीवर आपटून माझ्याच पायाशी आला आणि मी मेलो. हसू फुटलं, पण बरोबर हसायला कोणी नव्हतं. फार एकटं वाटलं तेव्हा.

मग दोघांनी खेळायची सोय शोधू लागलो. ती नव्हतीच. एका टीव्हीवर एकानेच खेळायचं, बाकीचे इंटरनेटवरून. आठ महिने आम्ही पाण्याबद्दल वाचलं, मनगटाबद्दल वाचलं, आणि नेमकं एवढंच वाचलं नाही. दोघांनी खेळायचं हे आम्ही धरूनच चाललो होतो.

रात्री त्याचा फोन आला. "दोगांना खेलता येतंय ना?"

"येतं की," मी म्हणालो. फोनवर हात दिसत नाहीत, म्हणून जमलं.

"मंग गनपतीत येतो."

आला. बसल्या बसल्या बॅगेतून खोकं काढलं. आत दुसरा रिमोट, कोरा, नागपूरहून आणलेला. तो पलंगावर मांडी घालून तयार झाला आणि मला बोलावंच लागलं, "एकट्याचाच आहे रे हा गेम."

त्याने रिमोट खोक्यात परत ठेवला, झाकण नीट लावलं. "मंग खोटं कशाला बोललास?"

"तू आला नसतास."

"नुसतं ये म्हनला असतास तरी आलो असतो."

इतकी साधी गोष्ट, पण मला ती सुचलीच नव्हती. मी खेळलो, त्याने अर्धा तास बघितलं, पाण्याची तारीफ केली आणि संध्याकाळच्या आत निघाला.

पुढे वर्षभर त्याचे फोन येत राहिले, मग कमी होत गेले. प्रत्येक वेळी ठेवण्याआधी तो जरासा थांबायचा. कोणत्या एका शब्दासाठी ते मला कळायचं. मी विचारायचो, "तिकडे ऊन फार आहे का?"