मुखवट्याखालचं कापड

केजच्या बसस्टँडमागे त्याचं दुकान आहे. सगळे त्याला पेंटरच म्हणतात. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम गेलं; आता तो मेलेल्या माणसांच्या तसबिरी रंगवतो. लोक आधार कार्डावरचा फोटो घेऊन येतात. हा फोटोकडे कमी आणि आणणाऱ्यांच्या तोंडाकडे जास्त बघतो. ब्रश कानावर खोचून मला म्हणतो, "कोन रडतंय अन् कोन रडल्यावानी करतंय, लगेच कळतं, भाऊ."

दुकानात मांजरपाटावर रंगवलेलं एक मोठं चित्र आहे. ते विकायचं नाही. स्मशानात प्रेत ठेवलंय, भोवती माणसं उभी आहेत आणि प्रत्येकाच्या तोंडावर मुखवटा आहे. उघडा चेहरा एकट्या प्रेताचा. "त्याला आता कुनाची भीड हाय?" असं तो म्हणायचा. कोपऱ्यात, कानावर ब्रश असलेला एक मुखवटेवाला होता. तो हा स्वतः. मला ते चित्र कधीच आवडलं नाही, तरी चहाला रोज तिथंच बसायचो.

उन्हाळ्यात त्याची बायको गेली. सरणापाशी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होता, कोण कुठल्या जीपनं आलं ते विचारत होता. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

तेरावा झाल्यावर दुकानात गेलो, तर तो पात्यानं चित्र खरवडत होता. स्वतःचा मुखवटा काढत होता. रंग निघाला आणि खाली कोरं कापड लागलं.

"खाली चेहरा काढलाच नव्हता, भाऊ," तो म्हणाला. "आता काढावा म्हणलं, तर आठवंना."