चिमट्याच्या खिळ्यातलं रक्त

"मावशी, जरा मागं उभ्या राहा. मशीन चौथी नापास नाहीये."

डॉक्टर असं म्हणले आन् सगळे हसले. सिस्टर हसल्या, भूलवाले डॉक्टर हसले. मीपण हसले, चौथी नापास मीच. ते माझं हसू मला अजून टोचतं.

कर्वेनगरातलं छोटं हॉस्पिटल. आजूबाजूला कॉम्प्युटरवाल्यांच्या सोसायट्या उठत होत्या. डॉक्टरांनीपण परदेशी मशीन आणलं, ऑपरेशनची हत्यारं धुवायचं. स्टीलची टाकी, त्यात औषधाचं पाणी. बटण दाबलं की भुंगा कोंडल्यागत आवाज. मशीनला हार घातला, नारळ फोडला. नारळाचं सांडलेलं पाणी पुसायला मला पुढं बोलावलं.

त्याच्याआधी बारा वर्षं ती हत्यारं मी घासली. ब्रशनं, एकेक उघडून.

मशीन बसवायला आलेला माणूस सांगत होता, चिमटे उघडे ठेवा, एकावर एक रचू नका, पाणी रोज बदला. सगळ्यांचं लक्ष पेढ्यांकडं. मी खाली फरशी पुसत होते. मी ऐकलं.

मग दिवसाला चार-चार ऑपरेशनं व्हायला लागली. सिस्टर चिमटे मिटून टाकीत गच्च भरायच्या. मिटलेले जास्त मावतात. एकदा धुतलेली हत्यारं वाफेवर उकळायच्या ड्रममधी भरताना मी एक चिमटा उघडला. कात्रीसारखा असतो तो, मधी खिळा. खिळ्यापाशी काळी रेघ. वाळलेलं रक्त.

म्हणलं, "सिस्टर, हे निघालं नाय. ब्रश मारते."

दारातनं डॉक्टर म्हणले, "पेशंट येऊन बसलाय, ड्रम वाफेला लावा. मशीनला आपण नंतर शिकवू मावशी. तुम्ही फरशी बघा."

मी चिमटा मिटला. ड्रममधी ठेवला. वाफेनं असलं रक्त जात नाय, उलट पक्कं बसतं. मला ठाऊक होतं. मग मी फरशी पुसली.

त्या दिवशी टेबलावर सुमन होती. सोसायट्यांमधी पोळ्या करायची. गर्भपिशवीचं ऑपरेशन. आठव्या दिवशी टाके चिघळले. पू आला. महिनाभर ड्रेसिंग. पोळ्यांची घरं एकेक करून सुटली.

डॉक्टर तिला म्हणले, "घरी स्वच्छता ठेवत जा. तुम्ही लोक ऐकत नाही, आणि नाव आमचं खराब होतं."

सुमननं माझ्याकडं बघितलं. "मावशी, मी रोज पाणी उकळून घेते हो. खोटं नाय सांगत."

माझ्या हातात तिच्याच पुवाच्या बोळ्यांचं भांडं. मी म्हणले, "जपायचं जरा."

असं म्हणले मी. त्यांचं बोलणं माझ्या तोंडातनं आलं.

त्याच चिमट्यानं झालं का, मला सांगता येणार नाय. पण मी बघितलं होतं. पुढं तिची शेजारीण भेटली. म्हणली, सुमन दिवसातनं तीनदा खोली फिनेलनं पुसते, पोरीला जवळ झोपू देत नाय. म्हणते, माझ्यातच घाण हाय.

ते ऐकलं आन् मी तशीच तिच्या खोलीवर गेले. उंबऱ्यातच सगळं सांगितलं. तिनं हातातलं फिनेलचं फडकं बादलीत टाकलं. मग म्हणली, "मला कानात नका सांगू. जिथं मला घाणेरडी म्हणलं, तिथं चला."

संध्याकाळची ओपीडी. बाकडी भरलेली. आम्हा दोघींना बघून डॉक्टर उठले. "मावशी, आत या. आत बसून बोलू." बारा वर्षांच्या वर काम केलं, खुर्ची कधी दिली नव्हती.

मी आत गेले नाय. बाकड्यांसमोरच बोलले.

"हिच्या घरात घाण नव्हती. चिमट्यात रक्त राहिलं होतं. मी बघितलं. तुमच्यादेखत बोलले. तुम्ही फरशी बघायला सांगितलं आन् मी बघितली."

बाकड्यावरची एक बाई पोराला घेऊन उठून गेली.

माझं काम दुसऱ्या दिवशी गेलं. सुमन रस्त्यात दिसली तर मान वळवते. बरोबर हाय तिचं. मी माफी मागितली नाय, ती मागून मिळण्यातली नाय.

माझा गुन्हा माझ्यापाशी हाय, मरेपर्यंत राहील. पण डॉक्टरांच्या वाट्याचा मी वाहणार नाय. कुणी विचारलं तर सांगते, नाय विचारलं तरी सांगते. दोघांचा सांगते.