समद्यायला सांगितलं, आईला न्हाई

सुरतेला निघालो तवा धावड्याच्या फाट्यावर यष्टीत चढताना माझा पाय घसरला, मी बोचक्यासकट खाली आलो, अन् आई हसली. पोरगं गाव सोडून निघालं की दुसऱ्या आया रडत्यात. माझी हसली. तिचा दोष न्हाई, मला बघून हसायची सवय साऱ्या गावालाच. पहिलीत दोन वर्सं काढली, मंग मास्तरच म्हणले, बाबा, तू आता घरी बसूनच हसव.

गावातल्यायनो, अन् माझ्यासारखं भायेर पडलेल्यायनो, तुम्हाला वाटतं मी सुरतेला कमवायला गेल्तो. न्हाई. जालन्याला सळईच्या कारखान्यात असताना येशूची सुवार्ता कानावर आली. तिथल्या चर्चचे पास्टर म्हणले, ही समद्या लोकायला सांगायची, कोणाला सोडायचं न्हाई. मी पहिलं गावातच सुरू केलं. चहाच्या टपरीपुढं उभा राह्यलो, माणसासाठी देवाचा लेक मेला, इतकं बोललो, तर समदे गप. मला वाटलं, लागलं काळजाला. मंग चुलता म्हणला, "बरं गब्या, म्होरं? हसायचं कुठं हाये?"

म्हणून सुरत. तिथं मला कोणी वळखत न्हाई. सोसायटीत वॉचमनची शिफ्ट, रविवारी चर्चमधी समद्यांपुढं उभं राहून साक्ष द्यायची. वाचता येत न्हाई, बायबल मोबाईलमधी ऐकून ऐकून पाठ केलं. इस्त्रीवाला भैया, भाजीवाली बेन, लिफ्टवाला, कोणालाच सोडलं न्हाई. माझी हिंदी अशी की लोक दया येऊन ऐकायचे. पर ऐकायचे.

दिवाळीला घरी यायचो. जेवणं झाली की आई म्हणायची, "लोकायला सांगत फिरतो ते मला बी सांग की रे." सांगितलं अन् ती येशूला न्हाई म्हणली तर? ह्या भ्यानं मी सोसायटीतल्या शेठाणीची नक्कल करायचो. आई पोट धरून हसायची. पुढल्या खेपी सांगू, म्हणायचो. अशा अकरा दिवाळ्या.

यंदा भावाचा फोन आला, आईला लकवा मारला. जल्दी निघालो. तिची वाचा गेल्ती, कोणालाच वळखत नव्हती. मला तेवढं वळखलं. मी दार लोटलं, तिचा हात धरला अन् समदं सांगितलं. येशूचा गोठ्यातला जन्म, खिळे, थडगं, तिसऱ्या दिवशी जितं उठणं. जन्मात पहिल्यांदा नक्कल बिलकुल न्हाई केली. रडत रडत सांगितलं. अन् ती हसून राह्यलती. अर्ध्याच तोंडानं, पर हसून राह्यलती. मी जितका रडलो तितकी जास्त. तिला वाटलं, पोरगं आज लई भारी सोंग करून राह्यलं.

चौथ्या दिवशी गेली.

पास्टर म्हणत्यात, तिनं काय ऐकलं ते देवाला ठाऊक. असंल. मला न्हाई ठाऊक. भाऊ म्हणतो, येत जा, घर तुझंच हाये. येऊन काय करू? साऱ्या जगाला सांगायला निघालो, अन् जगात एकच माणूस आपणहून मला 'सांग' म्हणलं, त्यालाच सोडलं. घर म्हंजे आता तेवढंच. जेवणं होत्यात, समदे हात धुत्यात, अन् मला कोणी काही इचारत न्हाई.