सुगंधाच्या सोलकढीतली पावडर

सुगंधा पेडणेकर सोलकढीत कपडे धुवायची पावडर घालते, ही बातमी मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगीत लिफ्टच्या आधी चौथ्या मजल्यावर पोचली. उगम दुसरा मजला, शुभा. तिनं उघड्या दारातून पुडी स्वतः पाहिली होती ना!

साबण नव्हता हो. लेसिथिन होतं, सोयाबीनमधून काढलेलं. सून जान्हवी साकीनाक्याला सॉसच्या कारखान्यात आहे, तिनं आणून दिलेलं. सुगंधा सोलकढीच्या बाटल्या विकायची आणि दुपारपर्यंत त्यांची वाट लागायची. वर खोबऱ्याच्या तेलकट गुठळ्या, खाली गुलाबी पाणी.

"आई, नारळाचं दूध म्हणजे पाण्यात पसरलेले तेलाचे बारीक थेंब," जान्हवी म्हणाली. "कोकमाचा आंबटपणा लागला की ते एकमेकांना चिकटतात. लेसिथिनचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. थेंबाभोवती त्याचं कडं झालं की थेंब एकत्र येत नाहीत. अंड्याच्या बलकातही तेच असतं. तेलकट ताटावर साबण हेच तर करतो, फक्त तो पोटात घ्यायचा नसतो."

म्हणजे शुभाची बातमी सख्खी नाही, तरी चुलत खरी होती!

चिमूटभर पावडर, मिक्सरचे दोन फेरे, कढी संध्याकाळपर्यंत झकास. लोक विचारायचे, काय घालतेस गं? सुगंधा मान वेळावून सांगायची, "काही नाही. मालवणचा हात."

इथवर ठीक. पण शुभानंही विचारलं होतं, भाचीच्या केळवणाच्या आदल्या दिवशी. तिलाही तेच उत्तर. बिचारीनं सकाळीच कढी करून ठेवली आणि पंगतीत वाट्यावाट्यांतून गुठळ्या तरंगल्या. शुभा रडवेली झाली. वाढायला उभी असलेली सुगंधा सगळ्यांदेखत म्हणाली, "हात लागतो त्याला."

तेच वाक्य सुगंधालाच सहा महिने टोचत होतं. साबणाची बातमी ऐकून सून भडकली. सुगंधाला रागच येईना. पुडी पदराखाली घेऊन ती दोनदा दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली नि बेल न वाजवता परतली. तिसऱ्यांदा वाजवली. दारातच, मान खाली घालून, सगळं सांगून टाकलं.

शुभा कसली सोडते! "मग साबणच आहे म्हण ना सरळ."

सुगंधानं पुडी तिच्या हातात ठेवली.

"साबण असता, तर त्या दिवशी आधी माझं तोंड धुतलं असतं."